तेंदूपानं संपल्यावर भरणारा वर्ग

प्रमिलाबाई खोडे आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी रसायनशास्त्र. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला आम्ही सोळा वर्षं एका टेबलावर डबे उघडले. त्या मूळच्या वडनेरच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न होऊन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आल्या. यजमान मधुकरराव एसटीत कंट्रोलर होते. बाई रोज सकाळी वर्ध्याहून एसटीने सेलूला यायच्या आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत जायच्या. दिसायला साध्या, बोलायला कमी. त्यांनी कधी भाषण केलेलं मला आठवत नाही. पण दहा उन्हाळे त्यांनी जे केलं, ते मी जवळून पाहिलं, आणि थोडं कुरकुरत त्यात हातही लावला.

सुरुवात १९७८ च्या पावसाळ्यात झाली. बाईंचे थोरले बंधू अण्णाजी वडनेरला शेती करायचे. त्यांचा मोठा मुलगा ओमप्रकाश त्या वर्षी बारावी झाला आणि नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव लागलं. घरात सायन्स शिकलेलं माणूस म्हणजे बाईच, म्हणून अण्णाजी त्यांना सोबत घेऊन नागपूरला गेले. भिंतीवर याद्या लावलेल्या होत्या. खुल्या गटाची यादी लांबलचक. अनुसूचित जमातीच्या मथळ्याखाली मात्र मोजकी नावं, आणि त्याखाली शाईने लिहिलेलं, 'उमेदवार उपलब्ध नाहीत.' तिथल्या कारकुनाने अण्णाजींना समजावलं की ह्या जागा शेवटपर्यंत भरल्या नाहीत तर इतरांकडे वळतात, तुम्ही आशा सोडू नका. शेवटी तसंच झालं. ऑगस्टच्या अखेरीस ओमप्रकाशला प्रवेश मिळाला. बाईंनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले. मीही दोन खाल्ले.

त्याच वर्षी अकरावीला कोकिळा मडावी नावाची मुलगी होती. बोर धरणाच्या पलीकडे, हिंगणीहून सात-आठ किलोमीटर आत तिचं गाव. सेलूला मामाकडे राहून शिकायची. वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. फेब्रुवारीत एकदा बाईंनी तिला फळ्यावर बेडकाची पचनसंस्था काढायला लावली. तिने पुस्तकात न पाहता पूर्ण आकृती काढली, नावं मात्र मराठीत लिहिली. इंग्रजी नावं तिला येत नव्हती. वर्ग सुटल्यावर बाईंनी विचारलं, बारावीनंतर काय करणार? ती म्हणाली, बारावीलाच येणं होईल की नाही ठाऊक नाही, मामी आजारी असते. डॉक्टर व्हावंसं वाटतं का, असं विचारल्यावर ती हसली. आमच्या गोंडांत कोणी डॉक्टर नाही, असं म्हणाली.

बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि डबा न उघडता बसून राहिल्या. मग त्यांनी मला नागपूरच्या भिंतीवरच्या याद्यांची हकीकत पहिल्यांदा सांगितली.

"महादेवराव, तिथं लिहिलं होतं, उमेदवार उपलब्ध नाहीत. आणि ही पोरगी इथं बसून आहे. मधे तिले सांगणारं कोणी नाही, एवढंच."

मी म्हटलं, सांगून काय होणार, मार्क तर पडायला हवेत. त्या म्हणाल्या, त्याचाच विचार करतेय.

आमच्या जिल्ह्यातल्या गोंडांची आणखी एक अडचण होती. अनुसूचित जमातीच्या सवलती पूर्वी विदर्भात ठरावीक तालुक्यांनाच लागू होत्या, आणि त्यांत वर्धा नव्हतं. क्षेत्राची ही अट सत्त्याहत्तर साली उठली. म्हणजे कोकिळाच्या आधीच्या पोरांना दारच नव्हतं, आणि आता दार झालं होतं तर ते कुणाला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये बाईंनी आसपासच्या शाळा पालथ्या घातल्या. रविवारी एसटी, पुढे बैलगाडी नाहीतर पायी. मीही तीन-चार वेळा गेलो. अकरावी सायन्सला असलेली गोंड, कोलाम आणि बौद्ध वस्त्यांमधली मुलं-मुली हुडकायची, त्यांच्या घरी जायचं, आणि सांगायचं की उन्हाळ्यात सेलूला एक वर्ग आहे, राहायची-जेवायची सोय आहे, बारावीचं जीवशास्त्र, रसायन, भौतिक आधीच करून घेऊ. लोक ऐकून घेत. चहा देत. हो म्हणत. अकरा नावं झाली. आमचं कॉलेज ज्या शाळेला जोडलेलं होतं, तिचे मुख्याध्यापक सदाशिवराव यांनी शाळेच्या दोन खोल्या दिल्या, मात्र संस्थेकडे काही मागायचं नाही या बोलीवर. शाळेत पाणी भरणाऱ्या रुख्माबाईंनी स्वयंपाक अंगावर घेतला. त्यांची मजुरी आणि मुलांचं धान्य बाईंनी आपल्या पगारातून भागवलं, मधुकररावांची ना नव्हती. वर्ग एक मेला सुरू करायचा ठरला.

एक मेला तीन मुलं आली. तिघंही सेलू गावातलीच, चालत येणारी. दोन मेला तीच तिघं. कोकिळा नव्हती. मामाकडे चौकशी केली तर ती परीक्षा झाल्याबरोबर गावी गेली होती. मी म्हटलं, बाई, हे असंच असतं, हो म्हणायला काय जातं त्यांचं. बाई तीन तारखेला पहाटेच्या गाडीने हिंगणीला गेल्या आणि पुढे चालत निघाल्या.

पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. नऊच्या सुमारास त्या पोचल्या तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच होतं. थोड्या वेळाने जंगलाकडून माणसं येऊ लागली. बायांच्या डोक्यावर, पुरुषांच्या खांद्यावर बिड्यांसाठी तोडलेल्या तेंदूच्या पानांचे भारे. पोरंसुद्धा भारे घेऊन. कोकिळाही त्यांत होती. बाईंना पाहून ती घरात पळाली. तिचे वडील कवडू मडावी यांनी बाज टाकली, पाणी दिलं, आणि मग सगळं घर अंगणातल्या सावलीत बसून पानं जुळवून पुडे बांधू लागलं. दुपारपर्यंत बांधून ठेकेदाराच्या माणसाकडे पोचवायचे होते. थांबून बोलायला कोणाला सवड नव्हती. म्हणून बाईही खाली बसल्या आणि कोकिळाने दाखवलं तसे पुडे बांधू लागल्या.

बाईंनी वर्गाचं काढलं तेव्हा कवडू मान डोलावत पुडे बांधत राहिले. बोलल्या त्या कोकिळाच्या आई, सीताबाई.

"बाई, राग नका येऊ देऊ. वर्षात हे वीस-पंचवीस दिवस आमच्या हाताले काम भेटते. लेकरं धरून सारं घर राबते. तुमची शाळा तुम्ही नेमकी ह्याच दिवसात काऊन ठेवली?"

मला सांगताना त्या म्हणाल्या की आपण घरोघर फिरलो, चहा प्यायलो, पण एकाही घरी विचारलं नाही की तुमचा मे महिना कसा जातो. आपल्या डोक्यात उन्हाळा म्हणजे सुट्टी. त्यांनी सीताबाईंनाच विचारलं, पानं कधी संपतात? सीताबाई म्हणाल्या, वीस-बावीस तारखेपर्यंत. मग बाई म्हणाल्या, पंचवीसला पाठवाल का? कवडूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पानं सरली की मी स्वतः आणून सोडतो."

परत आल्यावर बाईंनी त्या तीन मुलांना पंचवीस मेला या म्हणून घरी पाठवलं. मला राग आला. मी ह्या वर्गासाठी सासुरवाडीचं लग्न टाळलं होतं. शिवाय पंचवीस मे म्हणजे नवतपा सुरू. विदर्भात त्या नऊ दिवसांत माणूस दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि ह्या बाई शाळा भरवणार. पण आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा मधे पूर्ण महिना हाती होता. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, असे तास ठरले. दुपारी मुलं भिंतींना ओली पोती लावून झोपायची.

पंचवीसला नऊ जण आले. कवडू मडावी हिंगणीपर्यंत चालत आणि पुढे एसटीने कोकिळाला घेऊन आले, वर्गाची खोली पाहिली, मुलींची झोपायची जागा पाहिली, रुख्माबाईंशी बोलले आणि परत गेले.

पहिल्या आठवड्यात मला कळलं की रसायन ह्या मुलांना अवघड नव्हतं, इंग्रजी होतं. दहावीपर्यंत मराठी, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. विचारलं ते कळायचं नाही, कळलं तर लिहिता यायचं नाही. बाईंनी भिंतीवर पुठ्ठे लावले, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज वीस. एका रविवारी त्यांनी मुलांना दवाखाना पाहायला वर्ध्याला नेलं. त्यांतल्या बहुतेकांनी मोठा दवाखाना आतून पाहिलाच नव्हता. एक मुलगा ड्रेसिंग पाहून चक्कर येऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी घरी निघून गेला. कोकिळाने मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारलं की साप चावल्यावर किती वेळात इथं पोचायला हवं. त्यांनी सांगितलं. ती बोटांवर हिशोब करत राहिली, आणि मग म्हणाली, आमच्याकडून तेवढ्यात पोचता येत नाही.

हे सगळं चांगलं झालं म्हणून पुढचंही झालं असं नाही. ऐंशी सालच्या बारावीत आमच्या आठातली पाच पास झाली आणि मेडिकलच्या किमान गुणांपर्यंत एकही पोचलं नाही. कोकिळाला चार गुण कमी पडले. कवडू म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ, आता तिचं लग्न पाहतो. बाई पुन्हा गावी गेल्या. एक वर्ष द्या, म्हणाल्या, माझ्या घरी राहील. हो मिळवायला त्यांना तीन खेपा कराव्या लागल्या.

कोकिळा वर्षभर सिंदी मेघेला राहिली. बाईंच्या सासूबाई देवकाबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी कोकिळासाठी एक पेला वेगळा ठेवला आणि तो न्हाणीजवळच्या कोनाड्यात राहू लागला. बाईंनी वाद घातला नाही. त्या स्वतःच त्या पेल्याने पाणी पिऊ लागल्या. मधुकररावांनीही दोन-चारदा तोच उचलला. आठ-पंधरा दिवसांनी पेले सगळे एकाच टोपलीत घासायला पडू लागले. देवकाबाईंचं मन बदललं की त्यांना कंटाळा आला, हे मला सांगता येणार नाही. कोकिळाशी त्या फार बोलल्या नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी तिच्या हातावर दही-साखर त्यांनीच घातली.

एक्याऐंशीला तिला पुरेसे गुण पडले. मग जातीचा दाखला अडला. कचेरीतला माणूस जुनं परिपत्रक काढून म्हणाला, वर्ध्यातल्या गोंडांना ही सवलत नाही. बाईंनी नव्या कायद्याची छापील प्रत नागपूरहून मिळवून त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती वाचली, साहेबांना दाखवली, चार दिवसांनी या म्हणाला. चार दिवसांनी साहेब दौऱ्यावर. शेवटी दाखला मिळाला तेव्हा अर्ज द्यायला एकच दिवस उरला होता. मधुकररावांनी रजा काढून अर्ज स्वतः नागपूरला नेला.

त्याच वर्षी अण्णाजींचा धाकटा मुलगाही मेडिकलला बसला होता, आणि मोठ्यासारखंच त्याचंही नाव प्रतीक्षा यादीवर होतं. कॉलेजही तेच. अण्णाजी निश्चिंत होते. ह्या वेळी मात्र जमातीच्या यादीत शेवटची एक जागा उरली होती ती कोकिळा मडावी या नावाने भरली, आणि इतरांकडे वळायला काही राहिलं नाही. नाव कोणी लावलं हे अण्णाजींना कळायला वेळ लागला नाही. ते सिंदी मेघेला आले. त्या दिवशी मी काही कागद घेऊन तिथेच होतो. उठून जावं असं वाटलं, पण मधुकररावांनी खुणेने बसवलं.

अण्णाजींनी आवाज चढवला नाही.

"परक्याच्या पोरीपायी घरच्या पोराची जागा घालवली तू, प्रमिला. तुहा भाचा आहे तो."

बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं बाजूला ठेवून बाहेर आल्या.

"दादा, ती जागा आपली नव्हती. आपल्याले ती एकदा भेटली, एवढंच."

अण्णाजी जेवायला थांबले नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला बाई वडनेरला गेल्या, तर ते सकाळीच शेतात निघून गेले होते. वहिनींनी जेवू घातलं, साडी दिली. बाई संध्याकाळच्या गाडीने परतल्या. पुढची तीन वर्षं असंच. याचा त्यांना त्रास होत नव्हता असं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या कॉलेजात आल्या की दोन दिवस कोणी वडनेरचं नाव काढायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत झालं होतं. पण वर्ग त्यांनी बंद केला नाही. दर पंचवीस मेला खोल्या उघडायच्या.

कोकिळाचं तिकडे सरळ झालं असंही नाही. पहिल्या मोठ्या परीक्षेत ती शरीररचनाशास्त्रात नापास झाली. तोंडी परीक्षेत इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना तिने एकही शब्द उत्तर दिलं नव्हतं. ती ट्रंक घेऊन सिंदी मेघेला आली आणि म्हणाली, मी परत जात नाही. बाईंनी तिला दोन दिवस काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचं जाड पुस्तक उघडून स्वतः वाचायला बसल्या. त्यांनाही ते नवं होतं. दोघी समोरासमोर बसून एकीने विचारायचं, दुसरीने इंग्रजीत सांगायचं, चुकलं तर चुकीचंच पण मोठ्याने, असं त्यांनी महिनाभर केलं. सहा महिन्यांनी कोकिळा तो विषय पास झाली. तेव्हापासून आमच्या उन्हाळी वर्गात रोज एक तास तोंडी उत्तरांचा सुरू झाला. मुलं सुरुवातीला लाजून रडकुंडीला यायची.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात एक दिवस ओमप्रकाश शाळेच्या दारात उभा राहिला. त्याची शेवटची परीक्षा झाली होती, इंटर्नशिप चालू होती. मला वाटलं वडिलांचा निरोप घेऊन आलाय. त्याने बाईंच्या पाया पडून सांगितलं की त्याला पंधरा दिवसांची सुट्टी आहे आणि त्याला इथं शिकवायचं आहे. बाईंनी विचारलं, दादांना सांगून आलास का? तो म्हणाला, सांगून आलो, त्यांनी अडवलं नाही. मग म्हणाला, "आत्या, मले कोणाची जागा भेटली, ते मले माहीत आहे. पहिल्या वर्षापासूनच माहीत आहे."

बाई म्हणाल्या, "मंग उद्या सकाळी सहाले येजो. रक्ताभिसरण बाकी आहे."

तो तीन उन्हाळे आला. माझ्यापेक्षा बरा शिकवायचा. मुलांना त्याची भीती वाटायची नाही, आणि दवाखान्यातल्या गोष्टी सांगून तो त्यांना जागं ठेवायचा. पंच्याऐंशीत त्याचं लग्न ठरलं तेव्हा अण्णाजी स्वतः अक्षत घेऊन सिंदी मेघेला आले. जुना विषय कोणी काढला नाही. चहा घेतला, मधुकररावांशी कापसावर बोलले. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "ते मडाव्याची पोरगी पास झाली काय?" बाई म्हणाल्या, शेवटच्या वर्षाला आहे. अण्णाजी 'हाव' म्हणाले आणि गेले. त्यांचा धाकटा तोवर कृषी पदवीधर होऊन बियाण्यांच्या कंपनीत लागला होता आणि त्याचं बरं चाललं होतं.

कोकिळा सत्त्याऐंशीत डॉक्टर झाली. सरकारी नोकरीत पहिली नेमणूक कारंजा भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली. तिथं तिने दोन वर्षं काढली. मग पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली, बाळंतपणाचं शास्त्र शिकली आणि तिथंच राहिली. आमच्या स्टाफरूममध्ये ह्यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाले, एवढं सगळं केलं ते गावाला डॉक्टर मिळावा म्हणून ना, आणि ही शहरात जाऊन बसली. मलाही आतून तसंच वाटत होतं. बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ओमप्रकाश वडनेरले राह्यते काय? त्याले कोणी विचारलं?" ओमप्रकाशचा दवाखाना तेव्हा अमरावतीला होता.

वर्गाचा मात्र अठ्ठ्याऐंशीचाच उन्हाळा शेवटचा ठरला होता. सरकारी वसतिगृहांतून तोवर सुट्टीतले मार्गदर्शन वर्ग सुरू झाले होते आणि आमच्याकडे येणारी मुलं कमी होत गेली. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. आता कोणाला पायी यावं लागत नाही, म्हणाल्या. दहा उन्हाळ्यांत एकूण एक्क्याण्णव मुलं बसली. पाच डॉक्टर झाली, त्यांतल्या तीन मुली. सहा-सात जणी नर्स, काही शिक्षक, एक औषध विक्रेता. पुष्कळ जण बारावीलाच थांबले. दवाखान्यात चक्कर येऊन पळालेला तो मुलगा मला एकदा वर्धा-आर्वी गाडीत कंडक्टर म्हणून भेटला. तो माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेईना, पण मी घ्यायला लावले.

त्या शेवटच्या वर्षी चारच मुलं आली होती. मी बाईंना म्हटलं, चौघांसाठी नवतपात कशाला, त्यांना वसतिगृहाच्या वर्गात पाठवू. बाई म्हणाल्या, त्यांची पानं काल सरली, वसतिगृहाचा वर्ग पंधरा तारखेलाच सुरू झाला. मग त्यांनी खिडकीला ओलं पोतं लावलं आणि मला पहिला तास घ्यायला सांगितलं.